बटण दाबण्यापूर्वी

गेल्या वर्षी मी आमच्या आजीला उंबऱ्यात बसवून तिचा फोटो काढला. पाठीमागे अंगणात दुपारचे लख्ख ऊन होते. दोन महिन्यांनी आजी गेली. तोच फोटो मोठा करून घ्यावा म्हणून मी खडेबाजारातल्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या काकांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "आजीकडं बघून काढलास, की अंगणाकडं बघून?" तुळशीचे पान न् पान स्पष्ट आले होते, आजीचा चेहरा मात्र काळा! शेवटी बँकेच्या पासबुकावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावावा लागला.

असे का व्हावे? आपला डोळा ऊन आणि सावली दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते तितके जमत नाही. चित्राचा बराच भाग उजळ असला, की तो त्या उजेडाचाच हिशोब धरतो आणि सावलीतला माणूस अंधारात जातो. आजीला सोप्याच्या सावलीत अंगणाकडे तोंड करून बसवून मी स्वतः अंगणात उतरलो असतो, तर तिच्या सुरकुत्यासुद्धा आल्या असत्या. मूळ ग्रीक शब्दांप्रमाणे फोटोग्राफी म्हणजे प्रकाशाने रेखाटणे. आपण मराठीत, आणि कन्नडमध्येही, 'छायाचित्र' म्हणतो. मला आपलाच शब्द अधिक खरा वाटतो.

उजेडाचा हिशोब आम्हा कॉमर्सवाल्यांना पटण्यासारखा आहे. भिंगाचे छिद्र एफ ८ वरून एफ ११ वर नेले, की उजेड निम्मा होतो. मग शटर १/१२५ ऐवजी १/६० सेकंद उघडे ठेवले, की ताळा जमतो. पण छिद्र लहान केल्याने पुढचे-मागचे अधिक रेखीव येते, आणि शटर मंद केल्याने खडेबाजारातून लगबगीने जाणारा हमाल पुसट होतो. दोन्हींपैकी काय हवे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो मावत आणि प्रत्येकाला पैसे पडत, त्यामुळे माणूस आधी विचार करी. आज मोबाईलवर शंभर फोटो फुकट निघतात. विचारही तितकाच स्वस्त झाला आहे!

दादासाहेब फाळके यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची रोज एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले. भांडवल मिळायला तोच नमुना उपयोगी पडला. ताळेबंद दाखवून कर्ज मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

मी मित्राचा जुना कॅमेरा मागून घेतला आणि किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलो. १२०४ सालचे हे जैन मंदिर. आत अंधूक उजेड आणि छतावर दगडी कमळ. पहिल्या वेळी हात हलला. दुसऱ्या वेळी फ्लॅश वापरला, तर कोरीवकाम सपाट दिसू लागले. तिसऱ्या वेळी रुमालाची घडी घालून कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवला, टायमर लावला आणि शटर दोन सेकंद उघडे ठेवले. पाकळ्यांमधली सावली आली.

तो फोटो घेऊन मी पुन्हा खडेबाजारात गेलो. काकांनी तो उजेडात धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "दगड जमला. आता माणूस काढून आण."