साडेतीन जार लस

१३ जानेवारी २०२१ची पहाट. पुण्याहून निघालेली लशीची पहिली खेप पोलिस बंदोबस्तात मुंबईकडे चालली होती. मुंबई महापालिकेसाठी कोविशिल्डचे १,३९,५०० डोस. पुण्याहून रस्त्याने मुंबई गाठायची तर पनवेल चुकत नाही. द्रुतगती मार्ग संपतो तोच मुळी कळंबोलीत. म्हणजे पनवेलकर साखरझोपेत होते तेव्हा, वर्षभर ज्या औषधाची वाट पाहिली ते त्यांच्या वेशीवरून मुकाट्याने निघून गेलं. उजाडायच्या सुमारास ते परळला पोचलं.

किती होतं ते? डोस म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रकच्या ट्रक येतात. पण एक डोस म्हणजे अर्धा मिलिलिटर. करा गुणाकार. अख्ख्या मुंबईची पहिली खेप भरते जेमतेम सत्तर लिटर! ऑफिसात पाण्याचे २० लिटरचे जार येतात ना, तसे साडेतीन जार. रिक्षाच्या मागच्या सीटवर मावतील.

आणि त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये काय होतं? चिंपांझीला सर्दी करणारा एक विषाणू. त्याची वाढण्याची ताकद काढून घेतलेली आणि त्याच्या पोटात करोनाच्या काट्याची कृती लिहिलेली चिठ्ठी ठेवलेली. असे कण एका डोसमध्ये किती? पाच हजार कोटी. पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या आसपास. थेंबभर पाण्यात माणसांच्या सहापट टपालवाले, प्रत्येकाच्या झोळीत एकच पत्र. मला तर हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

पण हे टपालवाले फार नाजूक. त्यांना २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावं लागतं. का? अंडं उकडून बघा. पांढरं झालेलं अंडं परत फ्रीजमध्ये ठेवलं तर पुन्हा कच्चं होतं का? उष्णतेने प्रथिनांची घडी मोडली की मोडली. मग बर्फातच ठेवावं, असं कुणी म्हणेल. तेही नाही. दही गोठवून वितळवलं की पाणी एकीकडे आणि गुठळ्या दुसरीकडे होतात; बाळांना देतात त्या बऱ्याच लशींचं गोठल्यावर तसंच होतं. उकाड्याने मरतात, गारठ्यानेही मरतात. लाडावलेल्या जावयाचे नखरे परवडले.

तर प्रश्न असा: इतकी नाजूक वस्तू, जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, जिवंत पोचवायची कशी? त्याचं पहिलं उत्तर सापडलं तेव्हा फ्रीज नव्हता, बर्फाचा कारखाना नव्हता, आगगाडीसुद्धा नव्हती.

आधी हा शब्दच बघा. लस. जखमेतून किंवा फोडातून पाझरणारं चिकट पाणी म्हणजे लस. रोग टाळणाऱ्या औषधाला आपण हे नाव का दिलं? कारण दोनशे वर्षांपूर्वी औषध म्हणजे अक्षरशः तेच होतं, दुसऱ्याच्या फोडातलं पाणी.

इंग्लंडात एडवर्ड जेनरने १७९६ साली दाखवून दिलं की गायीच्या देवीची लस माणसाला टोचली तर माणसाची देवी त्याला शिवत नाही. पण ती लस उन्हात काही दिवसांत निकामी व्हायची. हिंदुस्थानापर्यंतचा प्रवास महिन्यांचा. मग व्हिएन्नातल्या ज्याँ द कारो नावाच्या डॉक्टरने लशीत भिजवलेला कापूस काचांमध्ये दाबला, मेणाने लिंपला आणि तो कॉन्स्टॅन्टिनोपलमार्गे बगदादला धाडला. बगदादला तो पोचला तेव्हा लस अजून ओली होती! तिथून पुढे सुरू झाला माणसांचा खो-खो. एका मुलाच्या दंडावर लस टोचायची. आठवडाभरात तिथे टपोरा फोड येतो. तो सुकायच्या आत त्यातलं पाणी घेऊन पुढच्या मुलाला टोचायचं. त्याने पुढच्याला खो द्यायचा. साखळीतलं एक मूल कमी पडलं की खेळ खलास. बगदादहून बसरा, बसऱ्याहून जहाजाने मुंबई.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत लस लागली ती अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. हिंदुस्थानातली पहिली लसवंत ती. तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि त्या मुलांपासून ही लस पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन अशी पांगली. क्षणभर थांबा इथे. अख्ख्या उपखंडाचा लशीचा साठा एके काळी एका चिमुरडीच्या दंडावर होता.

आता नकाशा काढा. १८०२ साली मुंबईहून पुण्याला जायची रूढ वाट कोणती? गलबताने खाडीतून पनवेलच्या बंदरात उतरायचं आणि तिथून पायी, घोड्यावर किंवा मेण्यातून बोरघाट चढायचा. (पुण्यात गादीवर दुसरा बाजीराव होता, आणि वर्ष सरायच्या आत होळकरांच्या धाकाने तोच कोकणात उतरून वसईला पळाला. दिवस काही लसीकरणाचे नव्हते.) लस तेव्हा या वाटेने मुंबईहून पुण्याला चढत होती, २०२१मध्ये पुण्याहून मुंबईला उतरली. दिशा उलटली, वाहन बदललं, पण पनवेलचा नाका दोन्ही वेळा मध्येच उभा.

आणि २०२१ची गाडी थांबली तेही कुठे, तर परळला. १८९६च्या प्लेगमध्ये मुंबई ओस पडत होती तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. परळला लशीचं अप्रूप नाही.

बाळांच्या दंडांची जागा आज यंत्रांनी घेतलीय. या रांगेला आरोग्य खात्यात सगळे 'कोल्ड चेन'च म्हणतात. कारखान्यातून राज्याच्या भांडारात, तिथून जिल्ह्याला, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे एक फ्रीज असतो, आयएलआर नावाचा. त्याचं झाकण वर उघडतं, घरच्या फ्रीजसारखं पुढे नाही. का बरं? थंड हवा जड असते. घरचा फ्रीज उघडला की ती पायांवर सांडते. झाकण वर असेल तर विहिरीतल्या पाण्यासारखी आत बसून राहते. भिंतींतून बर्फाचं अस्तर. दिवसात सलग आठ तास वीज मिळाली तरी उरलेले सोळा तास हा गडी तग धरतो. भारनियमन ज्यांनी सोसलंय त्यांना यातलं मोठेपण वेगळं सांगायला नको. शिवाय आत तापमान मोजणारं यंत्र, त्यात सिमकार्ड. पारा चढला की मोबाइलवर निरोप.

एवढं सगळं झाल्यावर शेवटचा टप्पा येतो, आणि इथे मला हात जोडावेसे वाटतात. सकाळी सिस्टर लशीचा डबा भरतात. निळा किंवा पांढरा, खांद्याला अडकवायचा, आत चार बाजूंना चार आइसपॅक. पण फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक लगेच आत ठेवायचा नाही, कारण तो लस गोठवेल. तो बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा डुचमळण्याचा आवाज आला, की समजायचं बर्फ शून्य अंशावर आला आणि आता लशीला धोका नाही. हे सरकारी नियमावलीत आहे! एका टोकाला सिमकार्डवाला तापमापक आणि दुसऱ्या टोकाला सिस्टरचा कान. साखळी दोन्हीवर सारखीच उभी.

डबा निघतो. समजा २०२१ साल आहे आणि तो चाललाय माथेरानच्या पायथ्याला, पनवेल तालुक्यातल्या धोदाणी-मालडुंगेच्या बाजूला. वाडीवर पोचल्यावर बाटली उघडायची. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस. बाटली उघडली की लेबलवर पेनाने वेळ टाकायची, कारण चार तासांत ती संपवायची. उरलं ते फेकायचं. आणि वाडीवर माणसं आली सहा.

काय कराल? उघडली तर चार डोस वाया. देशात तुटवडा, वरून वाया गेलेल्या डोसांचा हिशेब मागणार. नाही उघडली तर मजुरी बुडवून आलेली सहा माणसं परत जाणार, आणि पुन्हा येतील याची हमी कोण देणार? एका डोसच्या बाटल्या करा म्हणावं, तर काच महागते, फ्रीजमधली जागा पुरत नाही. समन्याय हा शब्द आपण जिनिव्हातल्या परिषदांमध्ये ऐकतो. माझ्या मते तो खरा ठरतो या बाटलीच्या आकारात. दहाच्या बाटलीला शहरातली रांग मानवते. विखुरलेली वाडी मानवत नाही. कुणी मुद्दाम अन्याय केलेला नाही, आणि तरी तो झालेला असतो.

याच्या उलटंही घडतं. बाटलीत कंपनी दहा डोसांपेक्षा किंचित जास्त भरते, सुईत थोडं वाया जाणार म्हणून. हात सरावलेला असेल तर त्यातून अकरावा डोस निघतो. केरळला ७३,३८,८०६ डोस मिळाले आणि तिथल्या नर्सेसनी त्यातून ७४,२६,१६४ टोचले! हातचलाखीने सत्त्याऐंशी हजार माणसांची सोय. जादूगार दुसऱ्या कुणाला म्हणायचं?

मे २०२१मध्ये अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली ती कोविन या सरकारी संकेतस्थळावर स्लॉट घेऊन. मुंबई-ठाण्यातली बोटं चपळ, नेट जोरात. शहरात स्लॉट मिळेना तेव्हा गाड्या काढून मंडळी आसपासच्या जिल्ह्यांतल्या गावांत जाऊन टोचून येत होती आणि गावकरी आपल्याच केंद्राबाहेर उभे, ही तेव्हाची रोजची बातमी. चोरी कुणी केली नव्हती. दारच असं बसवलं होतं, की ज्याच्या हातात चांगला फोन त्यालाच ते उघडावं.

त्यात वाड्यांवरच्या कातकरी आदिवासींचं वेळापत्रक निराळंच. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, परततात ती पावसाच्या तोंडावर. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा अंतर होतं ८४ दिवसांचं. ऑक्टोबरात वाडीवर पहिला डोस घेतला तर दुसऱ्याची तारीख येते जानेवारीत, तेव्हा माणूस भट्टीवर. प्रयोगशाळेने ठरवलेले ८४ दिवस आणि पोटाने ठरवलेलं कॅलेंडर जुळवायला अखेर माणूसच लागतो. नोव्हेंबर २०२१मध्ये 'हर घर दस्तक' मोहीम निघाली, ती हेच ओळखून: माणूस लशीकडे येत नसेल तर लशीने माणसाकडे जावं. आशाताईंना हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

हाच वाडीचा प्रश्न मोठा करून बघा, जगाएवढा. गरीब देशांना लस मिळावी म्हणून कोव्हॅक्स नावाची योजना उभी राहिली. तिची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ला आफ्रिकेत घानाची राजधानी अक्रा इथे उतरली. सहा लाख डोस, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे. आपल्या हिशेबाने पंधरा जार. तीन कोटींच्या देशाला पंधरा जार, आणि तरी विमानतळावर केवढा सोहळा! महिनाभरातच आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली, सीरमकडून कोव्हॅक्सला होणारा पुरवठा पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. घर पेटलं असताना बादल्या शेजाऱ्याला द्याव्यात का, यावर वाद घालता येतो. मी त्या दिवसांत ऑक्सिजनच्या रांगा पाहिल्यात, म्हणून तो वाद घालणार नाही. पण जगातल्या एवढ्या गरिबांची भिस्त मुख्यतः एका गावातल्या एका कारखान्यावर ठेवली, ही योजना आखणाऱ्यांची चूक होती. १८०२चा खो-खो आठवा. एकाच मुलावर साखळी ठेवायची नसते.

धडा थोडा घेतला गेलाय. उणे सत्तर अंशांत ठेवाव्या लागणाऱ्या एमआरएनए लशींनी जगाची झोप उडवली होती. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने अशी लस सुकवून पूड केली आणि ती साध्या २ ते ८ अंशांत राहू लागली. जून २०२२मध्ये तिला आणीबाणीची परवानगी मिळाली. मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी साथ-करार मंजूर केला. पुढच्या साथीत तयार होणाऱ्या लशी-औषधांतला २० टक्के वाटा गरजू देशांसाठी मिळवायचं त्यात उद्दिष्ट आहे. आणि ८ ऑक्टोबर २०२५ला पनवेल तालुक्यातच नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पुढच्या वेळी जार कदाचित इथूनच उडतील. धोदाणीपर्यंत मात्र डबा खांद्यावरूनच जाईल.

घरात बाळ असेल तर पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात एक करा. सिस्टरना पोलिओच्या बाटलीवरचं लेबल दाखवायला सांगा. त्यावर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत चौकोन. कारखान्यापासून त्या टेबलापर्यंत बाटलीला वाटेत जितकी ऊब लागली तितका तो चौकोन गडद होत जातो, आणि एकदा गडद झालेला पुन्हा फिका होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट दिसला तर लस चांगली आहे. दोन्हींचा रंग सारखा झाला असेल, तर सिस्टर ती बाटली स्वतःच बाजूला ठेवतील.