किरणांना उजेडात आणणारे स्फटिक
ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, अदृश्य गॅमा किरण टिपणारे स्फटिक वाढवले जातात. किरण आदळला की स्फटिक क्षणभर लुकलुकतो. प्रकाशसंवेदक ती चमक मोजतो. ऊर्जा जितकी जास्त, तितका उजेड जास्त. १९४८पासून वापरात असलेला थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइडचा असा स्फटिक पावसाळी हवेत उघडा राहिला, तर मिठासारखा पाझरतो. केंद्राने घडवलेल्या, सेरियम मिसळलेल्या गॅडोलिनियम-गॅलियम-ॲल्युमिनियम गार्नेटच्या स्फटिकाला दमट हवेचं वावडं नाही. वितळलेल्या मिश्रणात बीजस्फटिक टेकवून, फिरवत हळूहळू वर ओढला की तो वाढतो. हा स्फटिक न्यूट्रॉनही टिपतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने तो एरवी सहज हुलकावणी देतो. स्फटिकातलं गॅडोलिनियम मात्र मंद न्यूट्रॉन चटकन गिळतं, आणि त्यातून निघणाऱ्या किरणांनी स्फटिक चमकतो.