प्रोस्टेटचं ऑपरेशन आणि भूल

नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय असो की लातूरचं, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून प्रोस्टेटची वाढलेली गाठ काढताना बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचाच भाग बधिर करतात. रुग्ण जागा राहतो, आणि हे फार मोलाचं आहे. ऑपरेशनच्या वेळी मूत्राशय सतत द्रवाने धुतात. ग्लायसीनचा द्रव जास्त प्रमाणात रक्तात शिरला तर सोडियम घसरतं. माणूस अस्वस्थ होतो, मळमळतं, असंबद्ध बोलू लागतो. जागा रुग्ण ही खूण लवकर देतो. झोपलेल्याच्या बाबतीत ती झाकून राहू शकते. सलाइन वापरल्यास हा धोका बराच कमी होतो. शिवाय पाठीतल्या इंजेक्शनामुळे पहिले काही तास वेदना कमी असतात. मात्र रक्तदाब उतरू शकतो, क्वचित डोकं दुखतं.

या इंजेक्शनामुळे कंबर आयुष्यभर दुखते, ही भीती निराधार आहे. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, एवढंच.

पोटातून केलेल्या दुर्बिणीच्या कर्करोग-शस्त्रक्रियेत मात्र पूर्ण भूलच लागते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. स्वतःहून बंद करू नका.