चेंडू अडखळतो कुठे?

अमेरिकेतल्या आर्केडमध्ये १९७८ साली ‘अटारी’चा ‘फुटबॉल’ आला. पडद्यावरचा खेळाडू पळवायचा तर टेबलात बसवलेला जड चेंडू तळहाताने जीव खाऊन फिरवावा लागे. मग १९८०मध्ये ‘मिसाइल कमांड’ आणि १९८१मध्ये ‘सेंटिपीड’ आले आणि ट्रॅकबॉल नावाच्या या चेंडूने आर्केडमध्ये बस्तान बसवलं. ती यंत्रं आज हौशी संग्राहकांच्या घरांत आहेत. त्यांची एक तक्रार ठरलेली असते: चेंडू पूर्वीसारखा गरगरत नाही.

चेंडूच्या पोटाखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन पोलादी रूळ असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. तिसरीकडे नुसता आधार. चेंडू फिरला की रूळ फिरतात. रुळाच्या टोकाला दातेरी चकती असते, ती प्रकाशकिरण तोडत जाते आणि सेन्सर ते मोजतो. सायबर कॅफेतल्या माउसची रबरी गोळी काढून आतल्या रुळांवरची मळाची वळी नखाने खरवडलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. इथेही तीच वळी साचते. तळहाताचा घाम आणि धूळ मिळून रुळावर काळपट पट्टा चढतो. पुष्कळदा तेवढा पुसला तरी निम्मं काम होतं.

उरलेली अडचण रुळांच्या टोकांवरच्या बेअरिंगमध्ये. कारखान्यातून ती येतात घट्ट ग्रीस भरून. मोटरच्या आसाला ते ठीक आहे; तिथे वेग मोठा आणि भारही मोठा. इथे ढकलणारा आहे एक हात, तोही क्षणभर. त्या तेवढ्या जोरातला बराचसा भाग छर्ऱ्यांना ग्रीसमधून वाट काढण्यातच खर्च होतो. ग्रीस जुनं होऊन घट्ट झालं असेल, तर बोलायलाच नको.

म्हणून वीज बंद करून बेअरिंग बाहेर काढतात. रबरी झाकण असेल तर पात्याच्या टोकाने अलगद उचकटतं. धातूचं झाकण तारेच्या कडीने अडकवलेलं असलं तर आधी ती कडी टाचणीने सोडवायची. (कडी उडून कोपऱ्यात जाते, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरावं.) मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ग्रीस पूर्ण निघेपर्यंत धुवायचं आणि नीट वाळवायचं. वाळवताना हवेच्या झोताने ते भिंगरीसारखं फिरवायचा मोह आवरावा, कारण कोरडे छर्रे वाटीला घासून ओरखडे पडतात. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दोन नकोत.

त्यातही तेल फक्त बेअरिंगच्या आत. रुळावर किंवा चेंडूवर त्याचा ओघळ आला, तर केलेलं सगळं पाण्यात. चेंडू रुळाला फिरवतो तो घर्षणाच्या जोरावर. तेल लागलं की चेंडू छान घरंगळतो आणि रूळ जागचा हलत नाही. इंचभर अंतरावर एका जागी घर्षण हवं आणि दुसऱ्या जागी नको, असा हा प्रकार. चेंडूला साबणाचं पाणी पुरे.

मग आर्केडवाल्यांनी ग्रीसच का ठेवलं? त्यांचा हिशेब वेगळा होता. यंत्र दिवसभर बडवलं जाणार, वर थंड पेय सांडणार आणि बेअरिंग उघडायला कुणाला सवड नसणार. ग्रीस वर्षानुवर्षं टिकतं, धूळ आणि ओल अडवतं. पातळ तेल उडून जातं, पुन्हा घालावं लागतं. घरच्या यंत्राला तेल बरं, गिऱ्हाइकांच्या यंत्राला ग्रीस, असं माझं मत आहे. आणि सरसकट फवारायच्या गंज सोडवणाऱ्या स्प्रेवर भिस्त ठेवू नये. त्याने जुनं ग्रीस पातळ होऊन दोन दिवस मजा वाटते, पण टिकणारं वंगण मागे फारसं उरत नाही.

धुऊनही बोटाला खरखर लागत असेल, तर वाटीला खड्डे पडलेत, बेअरिंग बदलावं. अनेक अमेरिकी ट्रॅकबॉलचं माप इंचात असतं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यामुळे दुकानदाराने ‘सेमच आहे’ म्हणत ६ मिलिमीटरचं बेअरिंग पुढे केलं, तर ते आसावर चढणारच नाही. आणि चेंडू मस्त फिरत असूनही पडद्यावरचा बाण उड्या मारत असेल, तर बेअरिंगला हात लावू नका. सेन्सरसमोरची धूळ कोरड्या ब्रशने झटका.