मेलला कुलूप लावलं, पण किल्ली कुठे ठेवली?



बिझनेस ईमेलवरच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न खूप जणांनी विचारला: "सर, आपण एन्क्रिप्टेड मेल वापरावा का? त्यात आपला मेल कंपनीसुद्धा वाचू शकत नाही म्हणे." हो किंवा नाही म्हणायच्या आधी एक प्रसंग सांगतो.

आमच्या बॅचमधल्या एका दादांचं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे. दोन मशीन, चार माणसं. एका मोठ्या कंपनीकडून पार्टचं काम मिळालं. कंपनीने गोपनीयतेच्या करारावर सही घेतली. दादा माणूस सरळ. त्यांना वाटलं, आता ही ड्रॉइंग साध्या मेलवर ठेवणं बरं नाही. त्यांनी एका एन्क्रिप्टेड सेवेत फुकटचं खातं उघडलं आणि ड्रॉइंग, पीओ, बँक, जीएसटी, सीए, सगळंच तिकडे नेलं.

आठ महिन्यांनी फोन बदलला आणि पासवर्ड आठवेना. "फरगॉट पासवर्ड" दाबलं, कोड आला, नवा पासवर्ड टाकला, लॉगिन झालं. दादा खूश. पण जुना मेल उघडला तर मजकुराच्या जागी नुसती अक्षरांची खिचडी! त्याच दिवशी कंपनीतून फोन आला: "तिसऱ्या रिव्हिजनप्रमाणे पार्ट सोमवारी पाहिजेत." तिसऱ्या रिव्हिजनचं ड्रॉइंग त्याच मेलमध्ये. आता "साहेब, तुमचं ड्रॉइंग माझ्याकडे उघडत नाही" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तेही पहिल्याच ऑर्डरमध्ये!

दादांनी मला फोन केला तेव्हा ते त्या सेवेला शिव्या घालत होते. मी म्हटलं, "दादा, सेवेने तुम्हाला जे सांगितलं होतं, तेच केलंय."

असं का होतं?

जीमेलसारख्या नेहमीच्या सेवेत तुमच्या मेलची किल्ली कंपनीकडेही असते. पासवर्ड विसरलात, ओळख पटवलीत, की दार उघडून मिळतं. प्रोटॉन मेल (२०१४ पासून, स्वित्झर्लंड) किंवा टूटा (जर्मनी) अशा सेवांचा मुद्दाच असा की किल्ली फक्त तुमच्याकडे. त्यांच्या सर्व्हरवर तुमचा मेल कुलूपबंद पडलेला असतो. प्रोटॉनमध्ये पासवर्ड रीसेट करून तुम्हाला खोलीत प्रवेश मिळतो, पण आतल्या कपाटाची किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली असते.

म्हणून प्रोटॉन तुम्हाला बारा शब्दांचा रिकव्हरी फ्रेज काढून ठेवायला सांगतं आणि टूटा लांबलचक रिकव्हरी कोड देतं. आपण काय करतो? "नंतर बघू" म्हणून पुढे जातो.

रोजचे चार वैताग

पहिला, शोधाशोध. जीमेलमध्ये "फ्लॅंज" टाइप केलं की तीन वर्षांपूर्वीचं कोटेशन समोर. का? कारण सर्व्हर मजकूर वाचून त्याची यादी करून ठेवतो. इथे सर्व्हरला वाचताच येत नाही. प्रोटॉनमध्ये पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय यावरून मेल सापडतो, पण आतल्या मजकुरात शोधायचं तर ती सोय चालू करावी लागते. मग तुमचा ब्राउझर मेल उतरवून घेऊन स्वतः यादी बनवतो. ऑफिसचा कॉम्प्युटर वेगळा, घरचा वेगळा, तर दोन्हीकडे हे करायचं.

दुसरा, बाकीच्या सॉफ्टवेअरशी जमत नाही. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये मेल हवा असेल तर प्रोटॉनचं ब्रिज नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ते पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाच मिळतं. टूटामध्ये तर बाहेरचं मेल सॉफ्टवेअर चालतच नाही, त्यांचंच अ‍ॅप वापरायचं. बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट इन्व्हॉइस मेल करायची सवय असेल, तर आधी हे तपासा.

तिसरा, समोरचा माणूस. तुमच्या ग्राहकाचं जीमेल आहे. त्याला खरोखर कुलूपबंद मेल पाठवायचा तर पासवर्ड लावून पाठवावा लागतो. त्याच्याकडे पोचते एक लिंक. आता आपणच सगळ्यांना सांगतो ना, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका! एका ताईंच्या ग्राहकाने त्यांना उलट फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमचा मेल हॅक झालाय वाटतं." कोटेशन तीन दिवस पडून राहिलं. तोवर त्याने दुसरीकडून माल घेतला.

चौथा, खोटी निश्चिंती. पासवर्ड न लावता जीमेलवाल्याला साधा मेल पाठवलात, तर त्याच्याकडची प्रत साध्या मेलसारखीच पडून राहते. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ या पूर्ण कुलपात येतच नाही. म्हणजे विषयात "अमुक कंपनीचा रेट अमुक रुपये" लिहिलंत, तर गोपनीयता तिथेच संपली.

आणि एक धोका, जो आपल्या हातात नाही

एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याची कार्यवाही करायला सांगितलं. एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना बदनामीकारक मेल आले होते, त्यावरून ते प्रकरण कोर्टात गेलं होतं. कोण बरोबर, हा आपला विषय नाही. आपला प्रश्न एवढाच: तुमच्या व्हिजिटिंग कार्डवर, बोर्डवर, बिलावर जो मेल आयडी छापलाय, ती सेवा उद्या बंद झाली तर ग्राहक तुम्हाला कुठे शोधेल?

मग करायचं काय?

माझं सरळ मत: सगळा धंदा कुलूपबंद मेलवर नेऊ नका आणि खरोखर गुप्त कागद उघड्यावर ठेवू नका. आपण दुकानात काय करतो? गल्ला वेगळा, तिजोरी वेगळी. प्रत्येक सुट्ट्या पैशासाठी तिजोरी उघडत बसलो तर गिऱ्हाईक निघून जाईल.

एक. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. पत्ता तुमचा राहतो, मागची सेवा कधीही बदलता येते. फक्त डोमेन ज्या खात्यातून घेतलं, त्याला त्याच डोमेनचा मेल देऊ नका. मेल बंद पडला तर डोमेनच्या खात्यातही शिरता येणार नाही.

दोन. चौकशी, कोटेशन, बिलं, बँक, जीएसटी साध्या मेलवर, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून. करारातली ड्रॉइंग, फॉर्म्युला, भागीदारीची बोलणी कुलूपबंद मेलवर.

तीन. रिकव्हरी फ्रेज कागदावर लिहा. एक प्रत घरच्या कपाटात, दुसरी विश्वासाच्या माणसाकडे. त्याचा फोटो मोबाइलमध्ये नको.

चार. पीओ किंवा फायनल ड्रॉइंग आलं की त्याच दिवशी पासवर्ड लावलेल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, त्या जॉबच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या. मेल ही टपालपेटी आहे, गोडाऊन नाही.

पाच. पासवर्डवाला मेल पाठवण्याआधी ग्राहकाला फोन करा: "साहेब, लिंक येईल, ती मीच पाठवलीये." पासवर्ड फोनवरच सांगा, मेलमध्ये नाही.

दादांचं पुढे काय झालं?

मी विचारलं, जुना पासवर्ड कुठे लिहिला होता का? त्यांना आठवेना. वहिनींना आठवलं. खातं उघडलं त्या दिवशी दादांनी तो शॉपमधल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिला होता. गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत जायचं राहिलं होतं. सेवेच्या सेटिंगमध्ये जुना पासवर्ड टाकायची सोय होती. तो टाकला आणि मेल उघडले. सोमवारचा माल मंगळवारी गेला, पण गेला.

दादा हसत म्हणाले, "सर, एवढं कुलूप लावलं आणि किल्ली भिंतीवर टांगली." मी म्हटलं, "टांगली होती म्हणून वाचलात. पुढच्या वेळी रद्दीवाला आधी आला तर?"

आजचा गृहपाठ पंधरा मिनिटांचा. आपला मेल उघडा आणि स्वतःला विचारा: आज रात्री फोन हरवला आणि पासवर्ड आठवला नाही, तर उद्या सकाळी दहा वाजता मला माझी शेवटची ऑर्डर बघता येईल का? उत्तर "माहीत नाही" असेल, तर आजच रिकव्हरीची सोय करून ठेवा आणि खाली कमेंटमध्ये "झालं" एवढंच लिहा. पासवर्ड लिहू नका हं!