शेवटच्या इंजेक्शनाआधी डॉक्टरांना काय विचाराल?

मांजर आता बरं होणार नाही, असं कळलं की आपण गप्प बसतो. पुसद असो की वणी, घरोघरी हेच. आम्ही म्हणतो, आधीच विचारा. दुखणं औषधाने आटोक्यात येईल का, हा पहिला प्रश्न. ते उत्तर घेऊनच मौलानांकडे जा.

आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना, हेही विचारा. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात. काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डोळे मात्र उघडेच राहतात, कधी अंगाला झटका येतो. ती वेदना नसते, पण लेकरं घाबरतात. त्यांना आत न्यायचं का, ते घरीच ठरवा.

खड्डा खोल खणा. औषधाचा अंश मांसात राहतो, उकरून खाणाऱ्या कुत्र्यालाही विषबाधा होऊ शकते.