गिअरबॉक्स बदलताय? आधी बेल हाउसिंग जुळतंय का बघा

जुन्या सीजे-३बी जीपचा तीन गिअरचा बॉक्स काढून चार-पाच गिअरचा बसवायचा, असं अनेकांच्या मनात असतं. बॉक्स भंगारात मिळतोही. काम अडतं ते बेल हाउसिंगवर. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लच पोटात घेणारं हे आवरण.

बोल्टची भोकं जुळली म्हणजे झालं, असं नाही. इनपुट शाफ्टची लांबी मोजा. आखूड असेल तर त्याचं टोक पायलट बेअरिंगपर्यंत पोचत नाही. लांब असेल तर क्रँकला टेकतं. क्लच प्लेटचे दातेही शाफ्टला जुळायला हवेत. बॉक्स बसत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, हाउसिंगचा कान तुटतो.

शेवटी मधलं भोक क्रँकच्या मध्यावर आहे का, ते पाहा. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवा. काटा एका फेरीत साधारण ०.०१० इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. हलला, तर पायलट बेअरिंग लवकर जातं आणि चालत्या गाडीत गिअर निसटू शकतो.

मोजमापाला अर्धा दिवस जाईल, पण बॉक्स पुन्हा उतरवण्यापेक्षा ते स्वस्तच.